नाव कमी करायचं आहे

सुईदोरा
सोमवार, रात्री ११:२०

हा धागा 'कागदपत्रं' विभागात टाकावा की 'मनातलं'मध्ये, कळेना. संपादकांनी हलवला तरी चालेल.

मागच्या आठवड्यात रेशन दुकानावर गेले होते. ई-केवायसीचं चाललंय, कार्डावर जेवढी माणसं तेवढ्यांचे अंगठे लागतात. दुकानदार जुना आहे, पण मशीनवर त्याचा पुतण्या बसला होता, नवा पोरगा. यांचा अंगठा झाला, माझा झाला, मुलीचा झाला. तो मान वर न करता म्हणाला, "चौथा कुठंय? पाठवून द्या त्याला." मी म्हणाले, "बाहेरगावी आहे, शिकायला." तोंडातून कसं निघालं कुणास ठाऊक. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मागं उभी असलेली गल्लीतली बाई उगाच पिशवीची घडी घालायला लागली. घरी आल्यावर कळलं, धान्य न घेताच आलेय.

मुलगा जाऊन चार वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी गेला होता, तिथं शेततळ्यात गेला. तेरा वर्षांचा होता. याच्यापुढचं लिहीत नाही.

नणंदेची मुलगी पुण्यात समुपदेशनाचं शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मामी, तुला क्लोजर मिळालेलं नाही. मी विचारलं, म्हणजे काय गं? म्हणाली, एखादी गोष्ट मनात पूर्ण होणं. मी कपडे शिवते. आमच्याकडं पूर्ण होणं म्हणजे काज-बटण झालं, धागे तोडले, इस्त्री फिरवली, गिऱ्हाईक घेऊन गेलं. हे तसलं कसं होणार?

सासूबाई म्हणतात, "नाव कशाला काढूलालीस? राहू दे की, कुणाचं काय खातंय." हे काहीच म्हणत नाहीत. हे पहिल्यापासूनच काही म्हणत नाहीत.

ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनाच विचारते. तुम्ही कार्डावरून लेकराचं नाव कधी कमी केलं? आणि केल्यावर काही हलकं झालं का?


परभणीचा_अण्णा
सोमवार, रात्री ११:५१

वाचलं ताई. सुचत काही नाही. नुसती हजेरी लावतो.


पुरवठा_निवृत्त
मंगळवार, सकाळी ६:१०

प्रक्रिया सोपी आहे. तहसील कार्यालयात पुरवठा शाखा. साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ शिधापत्रिका. दाखला काढलेला नसेल तर आधी तो. नोंद २१ दिवसांत केली असेल तर अडचण नाही, नसेल तर उशिराच्या नोंदीची वेगळी प्रक्रिया आहे.

दुसरं, कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला ५ किलो. चार वर्षांचे २४० किलो होतात. मयत व्यक्तीच्या नावानं धान्य उचलणं नियमात बसत नाही. ई-केवायसी न झालेली नावं आज ना उद्या वगळली जाणारच आहेत, त्याआधी स्वतः जाऊन कमी केलेलं बरं.


उसाचं_चिपाड
मंगळवार, सकाळी ७:०२

काका, सकाळी सहाला उठून बाईला २४० किलोचा हिशेब दिलात. चहा तरी घेतला होता का?


गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ७:४५

चिपाड, त्यांनी नियम सांगितला, शिवी दिली नाही. पण पुरवठासाहेब, विचारलं काय होतं, ते पुन्हा एकदा वाचा.


हिंगोली_ते_हिंजवडी
मंगळवार, सकाळी १०:३०

सुईदोरा ताई, तुमच्या भाचीचं बरोबर आहे. शोकाच्या पाच पायऱ्या असतात: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. 'बाहेरगावी आहे' हे तुमचं वाक्य म्हणजे नकार. चार वर्षांनंतरही पहिल्या पायरीवर असणं चांगलं नाही. त्याला एक पत्र लिहा, सगळं लिहा, आणि ते जाळून टाका. आमच्या कंपनीत एक सत्र झालं होतं, त्यात हेच करायला लावलं होतं. खूप फरक पडतो.


उसाचं_चिपाड
मंगळवार, सकाळी १०:४१

कंपनीत कुणाला पत्र लिहून जाळलंत? मॅनेजरला?


हिंगोली_ते_हिंजवडी
मंगळवार, सकाळी १०:४४

इथं तरी चेष्टा नको.


उसाचं_चिपाड
मंगळवार, सकाळी १०:५९

चेष्टा तुमची केली, ताईंची नाही. माझा धाकटा भाऊ एकोणीसाव्या वर्षी गेला. पायऱ्या मोजायला मी काय जिना चढत होतो का? सकाळी स्वीकार, दुपारी राग, रात्री पुन्हा त्याच्या चपला जागेवर आहेत का ते बघणं. असं सहा वर्षं चाललंय. आई अजूनही चार भाकरी जास्तीच्या थापते आणि म्हणते, कुत्र्याला. कुत्र्याचं वजन बघायला या एकदा.


वसमतची_डॉक्टर
मंगळवार, दुपारी २:१५

मनोविकारांची प्रॅक्टिस करते, म्हणून थोडं बोलते. त्या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या पुढं चिकटल्या. ओपीडीत बसून मला तरी त्या क्रमानं जाणारं माणूस दिसलेलं नाही. १९९० च्या दशकात मूल गमावलेल्या आईबापांबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी उलटंच मांडलं. गेलेल्याशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि त्यात आजार काही नाही. भाचीला सांगा, तिच्या पुस्तकात पुढच्या प्रकरणात असेल.

पण दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाला वेगळी जागा आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त, रोजचं जगणंच बंद पाडणारा शोक. ताई शिवण शिवतात, दुकानावर जातात, इथं लिहितात. 'बाहेरगावी आहे' म्हणाल्या ते रांगेत उभं राहून. रांगेत माणूस आणखी काय म्हणणार? मी त्याला नकार म्हणणार नाही.

कुणाला मात्र झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात असं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हे ताईंना उद्देशून नाही. असले धागे मुकाट वाचणारे खूप असतात, त्यांच्यासाठी.


कोरडवाहू_बाप
मंगळवार, रात्री ९:३०

पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. बीड जिल्हा. पोरगी नऊ वर्षांची, डेंग्यूनं गेली. जूनमध्ये गेली. चौदाव्या दिवशी पाऊस झाला आणि मी पेरणीला गेलो. गावात बोलले, काळीज दगडाचं आहे. वाफसा काय आपल्या घरचं बघून येतो का? मागं दोन लेकरं होती, बँकेचं होतं.

सोयाबीन पेरताना तिफणीमागं चालायची तिची हौस. त्या वर्षी ट्रॅक्टरनं पेरलं, आवाज मोठा असतो, त्या आवाजात माणसाला रडता येतं. बायकोजवळ पंधरा दिवस बायका बसून होत्या. माझ्याजवळ गडी येऊन बसायचे, तंबाखू मळायचे आणि पावसाचं बोलायचे. मला त्यांचा राग नाही, त्यांना दुसरं येतच नाही. मला पण येत नाही.

ताई, तुम्ही लिहिलं हे काही म्हणत नाहीत. त्यांना विचारू नका. त्यांच्याबरोबर कुठंतरी जा, लांब, मोटारसायकलवर. तोंड पुढं असलं की बोलता येतं.

नावाचं: मी दोन महिन्यांत कमी केलं. हलकं झालं नाही, जड पण झालं नाही. तलाठ्याकडं फेरफार केल्यासारखं झालं.


सुईदोरा
मंगळवार, रात्री १०:१५

दादा, तुमचं वाचून यांना दाखवलं. वाचून मोबाईल परत दिला आणि गाडीत हवा आहे का बघायला गेले. रात्रीचे दहा वाजलेत.

पुरवठाकाका, तुमचं मला लागलं, पण खोटं नाही. मांडून टाकते. पहिलं वर्षभर त्याच्या वाटचं धान्य आम्ही खाल्लं. मुद्दाम नाही, आणायची पिशवी एकच, घरात येऊन डब्यात एकच. एक दिवस भात निवडता निवडता ध्यानात आलं की यातला एक वाटा त्याचा आहे. त्या दिवशी घास गिळेना. मग मी मापट्यानं त्याचं वेगळं काढायला लागले. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहते, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, माणसं निघून गेली, ती राहिली. तिला कार्ड नाही. ते तिला देते. तीन वर्षं देते. नियमात नाही बसत, मला माहीत आहे. आता नाव कमी केलं की तिचे पण ५ किलो जाणार. हे पण एक कारण आहे, मी आधी लिहिलं नव्हतं.


पुरवठा_निवृत्त
बुधवार, सकाळी ५:५०

म्हातारीचं वय काय? आधार आहे का? एकटी, निराधार, साठीच्या पुढची असेल तर अंत्योदयात बसते का ते बघायला लागेल. त्यात कार्डाला ३५ किलो असतं, माणशी नाही. तुमच्या ५ किलोपेक्षा ते बरं. लातूरला माझ्या हाताखाली काम केलेला माणूस अजून आहे. व्यक्तिगत निरोपात तिचं गाव आणि कागद काय आहेत ते कळवा.

चहा घेतला आहे.


उसाचं_चिपाड
बुधवार, सकाळी ८:१२

काका, माझा नमस्कार घ्या. कालचं मागं घेतलं.


गोदाकाठ
बुधवार, सकाळी ९:२०

नावावरून आठवलं. माझ्या आजोबांचं नाव दगडू. त्यांच्या पाठचा धोंडिबा, आणि त्याच्याही पाठचा केरबा. आत्ताची पोरं हसतात. पण आजोबांच्या आधीची तीन लेकरं पाळण्यात गेली होती. चौथं झालं तेव्हा पणजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं आणि पणजीनं ते तिच्याकडून मूठभर ज्वारी देऊन विकत घेतलं. देवाच्या डोळ्यात भरू नये, दगड समजून पुढं जावं, म्हणून नाव दगडू. जुन्या मतदारयाद्या काढून बघा, प्रत्येक गावात दहा दगडू आणि वीस धोंडू सापडतील. त्या प्रत्येक नावामागं एखादं गेलेलं लेकरू आहे. यादीत फक्त दगडू दिसतो.

दुसरं, हे क्लोजर म्हणजे आपला दहावा नव्हे का? आमचं गंगाखेड, घाट दारातच. कावळा शिवेपर्यंत माणसं उन्हात ताटकळताना लहानपणापासून बघतोय.


परभणीचा_अण्णा
बुधवार, सकाळी ११:०५

कावळेच राहिले नाहीत हो. मागं आमच्या काकूच्या वेळी दीड तास बसलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.


उसाचं_चिपाड
बुधवार, सकाळी ११:०९

गुरुजींना दुसरीकडं जायचं असलं की दर्भाचा कावळा लवकर होतो.


विवेक_जालना
बुधवार, सकाळी ११:४०

कावळ्याला भूक असली तर येतो, गर्दी असली तर येत नाही. त्यावरून गेलेल्याची इच्छा काढणं म्हणजे शोकात बुडालेल्या माणसांना आणखी छळणं. आईनं आधीच स्वतःला दोष दिलेला असतो, त्यात कावळा पण नापास करतो. या प्रथा बंद व्हायला हव्यात.


गोदाकाठ
बुधवार, दुपारी १:३०

विवेकराव, कावळ्याला काही कळतं असं मीही म्हणत नाही. एक बघितलेलं सांगतो. आत्याचा मुलगा बारावीत नापास झाला, बापाशी भांडला आणि त्याच रात्री गेला. कसा, ते सोडा. दहाव्याला कावळे झाडावर बसलेले, खाली एक येईना. मामा म्हणाला, तुझ्या बहिणीचं लग्न मी करून देतो. नाही. आत्या म्हणाली, तुझ्या सायकलला कुणाला हात लावू देणार नाही. नाही. असं तासभर. बाप एका बाजूला बसलेला, दहा दिवसांत तोंडातून शब्द नाही. सगळे दमले तेव्हा तो उठला, पिंडाजवळ गेला आणि म्हणाला, "ये बाबा. मी रागावलेलो नाही." आणि मागं सरकला.

कावळा आला. तुम्ही म्हणाल, तो मागं सरकला म्हणून आला. असेलही. पण ते वाक्य त्या माणसानं एरवी कधी आणि कुणासमोर म्हटलं असतं? त्याला रडायला सुद्धा कावळ्याचं निमित्त लागलं.


विवेक_जालना
बुधवार, दुपारी २:०५

आणि आला नसता तर?


गोदाकाठ
बुधवार, दुपारी २:४०

तर तो माणूस आयुष्यभर त्या झाडाकडं बघत बसला असता. तुमचा मुद्दा मान्य आहे.


सातारारोडची_सून
बुधवार, दुपारी ३:१५

कुणीतरी म्हटलंय ना, नवरा गेला तर विधवा, आईबाप गेले तर अनाथ, पण मूल गेलेल्या आईबापाला कुठल्याच भाषेत शब्द नाही, इतकं ते दुःख मोठं. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.


गोदाकाठ
बुधवार, दुपारी ४:००

शब्द आहे. मृतवत्सा. जिची लेकरं जगत नाहीत ती. संस्कृतातून आपल्याकडं आलाय. आणि शब्द असल्याचा फायदा असा झाला की तसल्या बाईला बारशाला बोलवायचं नाही, ओटी भरताना मागं उभं करायचं. शब्द नाही तेच बरं.


किल्लारीनंतरची
बुधवार, रात्री १०:५०

चार दिवस नुसतं वाचते आहे (सोमवारीच सुरू झालाय धागा, तरी चार दिवसांसारखं वाटतंय).

मी १९९५ ची. माझ्या आधीची बहीण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेली, पाच वर्षांची. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमचं घर दगड-मातीचं, जाड भिंतींचं, वर मातीचं माळवद. आई-बाबा बाहेरच्या अंगाला होते म्हणून निघाले. त्या दिवसांत वेगवेगळ्या चिता नव्हत्या. लाकडं पुरत नव्हती, पाऊस होता. कोण कुठल्या चितेवर गेलं हे कुणी नीट सांगू शकत नाही. दहावा, तेरावा कुणाचा करायचा, आख्ख्या गावाचा? कावळ्याचं वर वाचलं म्हणून सांगते, बाबा म्हणतात त्या महिन्यात कावळे खूप होते, पण कुणी कुणासाठी बसलं नव्हतं.

आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. ते उलटवण्याचं ऑपरेशन करून घेतलं, आमच्या गावातल्या आणखी दोघींनी घेतलं. मग मी झाले. आणि मला तिचंच नाव ठेवलं. तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव.

नोकरीसाठी कागद शोधताना बाबांच्या पेटीत एक जुनी झेरॉक्स सापडली, मदतवाटपाची, गावातल्या मयतांची यादी. त्यात माझं पूर्ण नाव होतं. वय ५. मी तिथंच पेटीजवळ बसून राहिले.

नवीन गावात आमचं घर आहे. ५२ गावं अशी उठवून दुसरीकडं बसवली. सरळ रस्ते, सारखी घरं. जुन्या गावठाणावर बाभळी वाढल्यात. आई वर्षातून एकदा तिथं जाते, ३० तारखेला नाही, तिच्या वाढदिवसाला. त्या दिवशी मला नावानं हाक मारत नाही, "ए पोरी" म्हणते. लहानपणी वाटायचं, माझं काही चुकलं. आता कळतं, ते नाव त्या दिवसापुरतं तिचं तिला परत देते.

सुईदोरा ताई, तुमच्या मुलीचं वय काय आहे? दुकानात ती तुमच्याकडं बघत होती असं तुम्ही लिहिलंय. तिच्याशी बोला. मागं राहिलेल्या लेकरांना वाटतं की आपण असून पुरेसे नाही. मला तीस वर्षं वाटतंय. एवढंच सांगायचं होतं.


सुईदोरा
बुधवार, रात्री ११:४०

मुलगी अकरावीला आहे. तिला झोपेतून उठवणार होते. नाही उठवलं. सकाळी बोलते.


नांदेडची_मैना
गुरुवार, सकाळी ९:००

आमच्यात किसा गोतमीची गोष्ट सांगतात. श्रावस्तीची बाई, मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध म्हणतात, मोहरीचे दाणे आण, पण ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून. ती घरोघर फिरते आणि तसलं घर मिळत नाही.

माझं बाळ जन्मतःच गेलं तेव्हा विहारात मला तीन वेगवेगळ्या बायांनी ही गोष्ट सांगितली. मला भयंकर राग यायचा. सगळ्यांच्या घरी मरण आहे म्हणून माझं कमी कसं होतं? हा काय हिशेब झाला? एका मावशीला तर मी म्हटलं, मोहरी महाग झालीय, मी नाही जात.

खूप दिवसांनी एक वेगळंच मनात आलं. ती प्रत्येक दारात गेली तेव्हा नुसतं 'आमच्यात पण मेलंय' एवढं ऐकून पुढं गेली नसणार. बाया तशा सोडतात का? बसवलं असेल, पाणी दिलं असेल, कोण गेलं, कसं गेलं, सगळं सांगितलं असेल. आख्ख्या गावाचं ऐकता ऐकता संध्याकाळ झाली असेल. दाणे हे निमित्त.

ताई, तुमच्याकडं कमी करायला नाव तरी आहे. माझ्या बाळाचं ठेवलेलंच नव्हतं. आम्ही मनात एक ठरवलं होतं, ते दिराच्या मुलानं घेतलं. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. छान आहे पोरगा, त्या नावानं हाक मारते मी त्याला.


पंढरीनाथ_सेलू
गुरुवार, सकाळी १०:१०

संतांनाही हे चुकलं नाही. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको आणि मुलगा संतू अन्नावाचून गेले. त्यातूनच ते विठ्ठलाकडं वळले. दुःख हे देवाकडं नेणारी वाट असते. नामस्मरण करा.


कोरडवाहू_बाप
गुरुवार, दुपारी १:२०

माळकरी मी पण आहे महाराज. पण माझी पोरगी मला देवाकडं नेण्यासाठी गेली असेल तर असला देव मला नको. तुकोबांचं एक मात्र पटतं. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. म्हणजे आधी लोकांची बाकी सोडली.


शेततळे_भूम
गुरुवार, दुपारी ४:४५

विषयांतर होतंय, पण कुणीतरी बोललं पाहिजे. शेततळ्याला जो प्लास्टिकचा कागद असतो तो ओला झाला की साबणासारखा गुळगुळीत होतो. उतार तिरका, पाय टेकत नाही, पोहता येणाऱ्यालाही कडेला येऊन वर चढता येत नाही. लोकांना वाटतं पोहायला येत नव्हतं म्हणून बुडलं. तसं नसतं. प्रत्येक बाजूला गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा, दोन-तीन हवा भरलेल्या ट्यूबा टाकून ठेवा, आणि तारेचं कुंपण करून फाटकाला कुलूप घाला. खर्च तळ्याच्या मानानं काहीच नाही. सुट्टीत पोरं पाण्याकडं जाणारच.


सुईदोरा
गुरुवार, रात्री ९:५०

बरोबर लिहिलंय तुम्ही. त्याला पोहता येत होतं. लोक मला चार वर्षं विचारतात, येत नव्हतं का? येत होतं. मामानंच शिकवलं होतं, विहिरीत, पाठीला डबा बांधून.

आता तिथं कुंपण आहे, दोर आहेत. भावानं ते नंतर केलं. मला दुसऱ्यांकडून कळलं, कारण मी गेले नाही. भाऊबीज पण नाही. तो दरवर्षी लेकीच्या खात्यावर ओवाळणी टाकतो, मी ती काढत नाही.

माझ्या मापाच्या वहीत दोघांचं माप शेजारी शेजारी आहे, त्या दिवाळीला दोघांना सारखे शर्ट शिवले होते. मामा-भाचे. शर्ट भावाकडं आहे का विचारायचं आहे, अजून विचारलेलं नाही.


वसमतची_डॉक्टर
गुरुवार, रात्री १०:३०

नका विचारू अजून. विचारावंसं वाटेल तेव्हा विचारा. नाहीच वाटलं तरी चालतं.


संपादक
शुक्रवार, सकाळी ११:००

धागा दोन्ही विभागांत दिसेल अशी सोय केली आहे. दोन प्रतिसाद काढले आहेत (एका बाबांच्या तोडग्याची जाहिरात).


पुरवठा_निवृत्त
रविवार, सकाळी ६:००

म्हातारीचं आधार आहे, पत्ता चुकीचा आहे. दुरुस्तीला दिलं आहे. वेळ लागेल.

एक राहिलं होतं. आमच्या वेळी सगळं रजिस्टरवर असायचं. नाव कमी करताना खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरगटून टाकायचं नाही. लाल शाईनं एक आडवी रेघ, बाजूला तारीख आणि सही. खालचं नाव वाचता आलं पाहिजे, असा दंडक होता. तपासणीला साहेब आले की ते बघायचे. मी नवीन असताना एकदा जोरात रेघ मारली, कागद फाटला, तर साहेबांनी पानभर खुलासा लिहून घेतला होता. नियमाचं माणूस आहे, मला एवढंच सांगता येतं.


नांदेडची_मैना
रविवार, सकाळी ९:३०

काका, हे आधी का नाही लिहिलंत?


सुईदोरा
मंगळवार, रात्री १०:०५

आज जाऊन आलो. दोघं गेलो, मोटारसायकलवर. लांबच्या रस्त्यानं नेलं यांनी, औशाच्या बाजूनं वळसा घालून. कोरडवाहू दादा, तुमचं बरोबर होतं. काय बोलले ते लिहीत नाही.

पुरवठा शाखेत गर्दी होती, ई-केवायसीचीच. टेबलावर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. अर्ज बघितला, दाखला बघितला, दाखल्यावरचं वय बघितलं आणि पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "बसा, चहा सांगते." आम्ही नको म्हणालो. त्यांनी आधी कॉम्प्युटरवर केलं. तिथं नाव लगेच गेलं, तीनच राहिली, खालची ओळ वर सरकली. ते बघवलं नाही.

मग कार्डाचं पुस्तक घेतलं. मी म्हणाले, मॅडम, रेघ हलक्या हातानं मारा, नाव वाचता आलं पाहिजे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. लाल पेन नव्हता, निळाच होता. पट्टी घेतली, पट्टी लावून मारली. मी तीस वर्षं कापडावर खडूनं रेघा मारते, मला रेघ कळते. सरळ मारली. बाजूला तारीख, सही.

हलकं झालं का, तर नाही झालं. येताना दुकानावरून तीन माणसांचं धान्य घेतलं, पिशवी एका हातात मावली.

मुलीशी बोलणं चालू आहे, थोडं थोडं. ती म्हणाली, मला कुणी विचारलं किती भावंडं, तर मी दोन सांगते, तू काय सांगतेस? मी म्हटलं, मी पण दोनच सांगते.

काका, म्हातारीचा पत्ता दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील? या महिन्याचं मी आमच्यातलं दिलंय.